चार की पाच? सौद्यांची वही निवडताना

चलनाचे सौदे करण्याचे मेटाट्रेडर ४ हे सॉफ्टवेअर बाजारात आले २००५ साली आणि मेटाट्रेडर ५ आले २०१० साली. दोन्ही एकाच कंपनीची, दोघांचा तोंडवळा जवळजवळ सारखा, आणि वापरणाऱ्याला दोन्ही फुकट. असे असताना नव्याने जुन्याची जागा तीन-चार वर्षांत घ्यायला हवी होती. तसे झाले नाही. परकीय चलनाचे किरकोळ सौदे पुरवणाऱ्या कितीतरी ब्रोकरांकडे आजही खाते उघडताना विचारले जाते, चार हवे की पाच? याचे उत्तर देणाऱ्यांची कमतरता नाही. जुन्यात आलेखाचे ९ कालखंड, नव्यात २१. जुन्यात ३० तयार इंडिकेटर, नव्यात ३८. पेंडिंग ऑर्डरचे प्रकार जुन्यात ४, नव्यात ६. हे सगळे आकडे खरे आहेत, आणि निवडीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहेत. जो माणूस पंधरा मिनिटांचा आणि तासाचा असे दोनच आलेख उघडतो, त्याला एकवीस कालखंड दिले म्हणून त्याचा सौदा सुधारत नाही. माझे म्हणणे असे की हे सॉफ्टवेअर निवडताना ते आधी हिशेबाची वही म्हणून तपासावे. आपले सौदे ते कसे मांडते आणि जुन्या भावांवर आपल्या पद्धतीची परीक्षा किती प्रामाणिकपणे घेते, हे पाहावे. या दोन्ही कसोट्यांवर नवे उजवे ठरते. पण ती वही शेवटी कोणाच्या कपाटात असते, हा प्रश्न आला की जुन्या-नव्यातला फरक संपतो, आणि आपल्याकडच्या वाचकाने सर्वांत जास्त विचार करायचा तो तिथेच.

आधी या बाजाराची रचना. चलनबाजाराची जगभरातली रोजची उलाढाल प्रचंड आहे. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पाहणीत ती एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला ७.५ लाख कोटी डॉलर होती आणि एप्रिल २०२५ मध्ये ९.६ लाख कोटी डॉलरवर गेली. हे आकडे जाहिरातींत हमखास झळकतात, जणू घरबसल्या सौदा टाकणारा त्या महासागरातच पोहत असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ही उलाढाल मुख्यतः बँकांची आणि मोठ्या वित्तसंस्थांची असते. किरकोळ ग्राहक सौदा करतो तो त्याच्या ब्रोकरशी. शेअर बाजारासारखा मध्यवर्ती एक्सचेंज इथे नसतो. भाव ब्रोकर दाखवतो, सौदा ब्रोकर नोंदवतो, आणि अनेकदा समोरचा पक्षही ब्रोकरच असतो. मेटाट्रेडरचे दोन भाग आहेत. एक टर्मिनल, जे आपण संगणकावर किंवा फोनवर उतरवून घेतो. दुसरा सर्व्हर, ज्याचा परवाना ब्रोकर पैसे मोजून घेतो. टर्मिनल फुकट मिळते याचे कारण एवढेच की मेटाक्वोट्स या कंपनीचा गिऱ्हाईक आपण नसतो, ब्रोकर असतो. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर जुन्याच्या दीर्घायुष्याचे कोडे सुटत नाही.

मेटाक्वोट्सची मुळे रशियातल्या कझान शहरातली. आज तिचे मुख्यालय सायप्रसमध्ये आहे. चाराआधीही तिची सॉफ्टवेअर होती, पण जम बसला तो चाराचा. आलेख, ऑर्डर आणि स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा या तिन्ही गोष्टी त्याने एका खिडकीत आणल्या. एमक्यूएल४ ही भाषा सी भाषेसारखी, थोड्या वेळात शिकता येणारी. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम, ज्याला या व्यवसायात एक्स्पर्ट अॅडव्हायझर किंवा नुसते ‘ईए’ म्हणतात, माणसाने हात न लावता सौदे करू शकत असे. पाच वर्षांत अशा प्रोग्रॅमांचा आणि इंडिकेटरांचा ढीग साठला. ब्रोकरांनीही आपापला मागचा कारभार चाराभोवती बांधला: सर्व्हरला जोडायचे प्लगइन, बँकांचे भाव आणणारे पूल, हिशेबाच्या प्रणाली. मग २०१० साली कंपनीने पाच आणले, तेव्हा त्यात जुना प्रोग्रॅम चालत नव्हता, जुने प्लगइन चालत नव्हते, आणि सौदे नोंदवण्याची पद्धतही बदलली होती. ग्राहकाला नव्याने शिकायचे, ब्रोकरला नव्याने बांधायचे. दोघांनीही मान हलवली आणि जुन्यावरच राहिले.

पुढची आठ वर्षे म्हणजे कंपनीने टप्प्याटप्प्याने घेतलेली माघार आणि शेवटी लावलेला जोर. २०१४ साली चाराच्या भाषेत मोठी सुधारणा करून ती पाचाच्या भाषेजवळ नेली गेली. हेतू हा की लोकांना उडी सोपी जावी. झाले उलटे. जुन्या घराची डागडुजी झाल्यावर नव्यात जायची निकड उरली नाही. २०१६ साली पाचाने हिशेबाच्या पद्धतीत तडजोड केली. ती काय होती ते पुढे येईलच. २०१८च्या सुमारास कंपनीने नव्या ब्रोकरांना चाराचे परवाने विकणे थांबवले. म्हणजे आज जे ब्रोकर चार देतात ते बहुतेक जुने परवानाधारक आहेत. लोक म्हणतात, चार इतकी वर्षे टिकले म्हणजे ते चांगले असणारच. टिकण्याचे श्रेय गुणाला आहे, नाही असे नाही; पण त्याहून मोठा वाटा त्याच्याभोवती साठलेल्या सामानाचा आहे. बाजारात एखादी गोष्ट टिकते ती बदलण्याचा खर्च जड म्हणूनही टिकते, आणि तो खर्च ज्याला नाही अशा नव्या माणसाने टिकाऊपणाच्या दाखल्यावर भुलण्याचे कारण नाही.

आता हिशेबाकडे. ज्यांच्या घरी पेढीचा किंवा दुकानाचा कारभार आहे, त्यांना कीर्द आणि खतावणी वेगळ्या करून सांगाव्या लागणार नाहीत. कीर्दीत रोजची प्रत्येक नोंद जशी घडली तशी येते. खतावणीत खातेनिहाय शिल्लक दिसते. चार ही एकट्या कीर्दीवर चालणारी पेढी आहे. तुम्ही युरो-डॉलर विकत घेतले की एक तिकीट क्रमांक फाटतो. पुन्हा घेतले की दुसरा. विकले की तिसरा. प्रत्येक तिकीट आपापल्या नफ्या-तोट्यासह स्वतंत्र उघडे राहते. पाचाने या एकाच गोष्टीचे तीन थर केले. ऑर्डर म्हणजे तुम्ही काय सांगितले, डील म्हणजे प्रत्यक्ष काय घडले, आणि पोझिशन म्हणजे सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन तुमच्या नावावर काय उरले. मूळच्या पाचात एका चलनजोडीची एकच पोझिशन असे. एक लॉट १.१००० ला घेतला, आणखी एक १.०९०० ला घेतला, तर दोन लॉट, सरासरी १.०९५०. एक विकला तर एक उरला. याला नेटिंग म्हणतात. एक्सचेंजवर हिशेब असाच होतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर ऑगस्ट २००८ पासून चालणारे डॉलर-रुपयाचे वायदे घ्या. एकाच महिन्याचा वायदा घेतला आणि विकला की नावावर काही उरत नाही, उघडा सौदा आणि उलटा सौदा असे दोन शेजारी नांदत नाहीत. अमेरिकेतही नॅशनल फ्युचर्स असोसिएशनच्या २००९ सालच्या नियमाने किरकोळ चलनसौद्यांत एकाच खात्यात एकाच जोडीची उलटसुलट पोझिशन धरून ठेवण्यास मनाई झाली, आणि आधी उघडलेला सौदा आधी बंद करण्याचे बंधन आले.

चाराच्या ग्राहकांना खटकले ते नेमके हेच. त्यांना ‘हेज’ करायची सवय होती. ही सवय आकड्यांत तपासून पाहण्यासारखी आहे. एक लॉट म्हणजे एक लाख युरो. युरो-डॉलरमध्ये भाव एक पिप, म्हणजे चौथ्या दशांश स्थळावर एकाने, हलला की दहा डॉलरचा फरक पडतो. समजा १.१००० ला एक लॉट घेतला आणि भाव १.०९५० पर्यंत घसरला. पन्नास पिप, पाचशे डॉलर तोटा. आता हा सौदा बंद न करता १.०९५० ला एक लॉट विकला. इथून भाव कुठेही गेला तरी एका बाजूला जितके येईल तितके दुसऱ्या बाजूला जाईल. तोटा पाचशेवर गोठला. नेटिंगच्या वहीत हाच विक्रीचा सौदा आधीचा खरेदीचा सौदा बंद करतो, आणि पाचशे डॉलर तोटा झाला अशी नोंद पडून विषय संपतो. हेजिंगच्या वहीत मात्र दोन्ही तिकिटे उघडी राहतात. खात्याचा ‘बॅलन्स’ जसाच्या तसा दिसतो. घट दिसते ती फक्त ‘इक्विटी’च्या रकान्यात. दरम्यान रोज रात्री दोन्ही बाजूंवर स्वॅपचे व्याज लागते, आणि ब्रोकर आपला वाटा राखूनच ते आकारतो म्हणून दोन्हींची बेरीज साधारणपणे ग्राहकाच्या विरोधात जाते. पुढे दोन्ही टोके सोडवताना स्प्रेडही, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावांतला फरकही, जास्तीचा भरावा लागतो. म्हणजे एकूण परिणाम तोच, शिवाय वर थोडी झीज. फायदा एकच: तोटा मान्य केल्याची नोंद पुढे ढकलता येते. माणसाच्या मनाला ही सोय फार प्रिय असते, आणि म्हणूनच वही निवडताना ती धोक्याची समजावी. तोटा लपवणारी वही सोयीची वाटली तरी ती चांगली वही नव्हे.

यावर जो आक्षेप येतो त्यात तथ्य आहे. एका खात्यावर दोन वेगळ्या पद्धती चालवणाऱ्याचे काय? एक ईए दीर्घ मुदतीचा कल पाहून खरेदीत आहे, दुसरा तासाभराच्या चढ-उतारावर विक्री करतो. नेटिंगमध्ये दुसऱ्याची विक्री पहिल्याची खरेदी खाऊन टाकते, कोणत्या पद्धतीने किती कमावले ते कळेनासे होते, आणि पोझिशन एकच असल्यामुळे स्टॉप-लॉसही, म्हणजे ठरलेल्या तोट्यावर सौदा बंद करण्याची सूचनाही, एकच राहतो. नव्या ऑर्डरबरोबर दिलेला स्टॉप जुन्याच्या जागी बसतो. ही खरी अडचण आहे, आणि तिचे स्वरूपही हिशेबाचेच आहे, नफ्याचे नव्हे. तिच्यावर पूर्वी उपाय होता तो दोन खाती उघडण्याचा. २०१६ साली पाचाने हेजिंगचे खाते वेगळा पर्याय म्हणून देऊ केले, आणि हा आक्षेप तिथेच मिटला. आजच्या पाचात खाते उघडतानाच नेटिंग की हेजिंग हे ठरते, मध्येच बदलत नाही. आश्चर्य असे की ‘पाचात हेजिंग होत नाही’ हे वाक्य त्यानंतरही कितीतरी वर्षे सांगितले जात राहिले. ज्याला हेजिंग हवेच आहे त्याला आता त्यासाठी चारावर राहण्याचे कारण उरलेले नाही. आणि ज्याला नको आहे त्याला चार नेटिंगचा पर्याय देतच नाही.

दुसरी कसोटी परीक्षेची. स्वयंचलित पद्धत प्रत्यक्ष पैसे लावण्याआधी जुन्या भावांवर चालवून पाहायची सोय दोन्हींत आहे. पण चाराचा परीक्षक एका वेळी एकच चलनजोडी घेतो आणि प्रोसेसरचा एकच गाभा वापरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मिनिटाच्या आत भाव कसा हलला हे त्याला ठाऊक नसते. त्याच्याकडे मिनिटाचे चार आकडे असतात: सुरुवातीचा, सर्वोच्च, नीचतम आणि शेवटचा. मधल्या हालचाली तो एका ठरलेल्या साच्याने कल्पून भरतो. अहवालावर ‘मॉडेलिंग क्वालिटी ९० टक्के’ असा शिक्का येतो आणि वाचणाऱ्याला वाटते, नव्वद टक्के म्हणजे पहिला वर्ग. तो शिक्का आपल्या पद्धतीला मिळालेला गुण नसतो. भावांच्या नमुन्याचा दर्जा सांगणारा असतो, आणि त्या नमुन्यातही मिनिटाच्या आतले भाव बनवलेलेच असतात. शिवाय स्प्रेड संपूर्ण परीक्षेत एकच धरला जातो. प्रत्यक्षात न्यूयॉर्कचा बाजार मिटतो तेव्हा किंवा अमेरिकेच्या रोजगाराचे आकडे येतात त्या क्षणी स्प्रेड कितीतरी पट रुंद होतो. दोन-चार पिपांवर डाव मांडणाऱ्या पद्धतींचा सगळा नफा या कल्पित भावांत आणि स्थिर स्प्रेडमध्येच दडलेला असू शकतो. परीक्षेत अखंड चढणारी रेघ आणि खऱ्या खात्यात महिनाभरात संपलेले भांडवल, हा प्रवास कित्येकांचा इथूनच सुरू होतो.

पाचाच्या परीक्षकात ब्रोकरच्या सर्व्हरवर साठवलेले खरे टिक वापरता येतात, म्हणजे प्रत्येक क्षणी दाखवलेला खरेदीचा आणि विक्रीचा भाव, बदलत्या स्प्रेडसह. एकाच वेळी अनेक चलनजोड्या तपासता येतात, त्यामुळे जोड्यांमधल्या संबंधावर उभ्या असलेल्या पद्धतींची परीक्षा शक्य होते. संगणकाचे सगळे गाभे कामाला लागतात. पाच चौसष्ट बिटचे असल्यामुळे मोठा साठा हाताळताना स्मृती अपुरी पडत नाही. चार अजून बत्तीस बिटच्या चौकटीतले आहे. २०१९ पासून पाचाला पायथनशी जोडण्याची अधिकृत सोय आहे. पुण्या-बंगळूरच्या आयटीतल्या माणसाला मेटाक्वोट्सची खास भाषा शिकण्यापेक्षा हा रस्ता जवळचा. अर्थात खरे टिक म्हणजेही त्या ब्रोकरने दाखवलेले टिक. त्याचा इतिहास अपुरा असेल तर परीक्षाही अपुरी, आणि दुसऱ्या ब्रोकरकडे निकाल वेगळा येऊ शकतो.

इथे एक चलाख आक्षेप घेतला जातो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. परीक्षक जितका वेगवान, तितकी फसगत सोपी. जुन्यावर शंभर पर्याय तपासायला रात्र जात असे. नव्यावर तेवढ्या वेळात हजारो तपासता येतात. हजारो पर्यायांतून मागच्या भावांवर नेमका बसणारा एखादा सापडणारच, आणि तो पुढच्या भावांवर बसेल याची काहीच खात्री नाही. हे अगदी खरे आहे. पण यावर उपाय परीक्षक संथ ठेवण्यात नाही. भावांचा एक तुकडा बाजूला काढून ठेवावा, पद्धत दुसऱ्या तुकड्यावर घडवावी आणि मग बाजूच्या तुकड्यावर एकदाच चालवून पाहावी, ही शिस्त जुनीच आहे. पाचात तिची सोय ‘फॉरवर्ड’ या नावाने परीक्षकातच आहे. चारात ती हाताने करावी लागते, म्हणजे बहुतेक वेळा केली जात नाही. साधन चांगले असले की वाईट सवयही वेगाने लागते, हे मान्य. म्हणून मोडके साधन सुरक्षित ठरत नाही.

जुन्या प्रोग्रॅमांचा मुद्दा वेगळा. ज्याच्याकडे चारावर वर्षानुवर्षे खऱ्या पैशांनिशी चाललेला, स्वतः लिहिलेला ईए आहे, त्याने घाई करू नये. भाषा २०१४ नंतर जवळ आल्या असल्या तरी ऑर्डर पाठवण्याची रीत निराळी आहे. चारात एक आज्ञा देऊन तिकीट क्रमांक परत मिळतो. पाचात विनंतीचा आणि उत्तराचा वेगळा साचा भरावा लागतो, आणि इंडिकेटरचे आकडे आधी हँडल मागून मग प्रत काढून घ्यावे लागतात. हे काम यांत्रिक नाही. भाषांतर चुकले तर प्रोग्रॅम चालतो, पण वेगळे सौदे करतो, आणि ही चूक पकडायला फार जड जाते. तेव्हा अशा माणसाने जुने चालू ठेवून शेजारी डेमो खात्यावर नवे चालवावे आणि दोन्हींच्या नोंदी सौद्यागणिक जुळवाव्यात. मात्र ज्याच्याकडे मूळ मजकूर नसलेली नुसती ‘ईएक्स४’ फाईल आहे, कोणाकडून विकत किंवा फुकट घेतलेली, त्याने जुन्यात अडकून राहण्याचे कारण स्वतःला विचारावे. त्या फाईलच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. अशा फुकट्या ईएंमध्ये तोट्यानंतर लॉट दुप्पट करत जाणारे मार्टिंगेल आणि ठरावीक अंतरावर सौदे पेरत जाणारे ग्रिड फार आढळतात. पहिल्यात लॉट १, २, ४, ८, १६ असा वाढत सातव्या पायरीवर ६४ होतो. सलग सात तोटे या बाजारात दुर्मीळ नाहीत. अशी फाईल नव्यात चालत नाही, हा मी तरी नव्याचा गुण समजेन.

वेग आणि स्थैर्य यांबद्दल थोडक्यात. जुने हलके आहे, स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर चार-पाच टर्मिनल सहज चालतात, आणि त्याच्या खोडी सगळ्यांना पाठ आहेत. नव्यात सौदे अधिक वेगाने होतात असे सांगितले जाते, पण सौदा किती लवकर आणि कोणत्या भावाला होणार हे ब्रोकरचा सर्व्हर, त्यामागचे भावपुरवठादार आणि आपल्यापासून त्याचे अंतर यांवर ठरते. टर्मिनलच्या आवृत्तीचा त्यात वाटा किरकोळ. ‘पाच घेतल्यावर माझा नफा वाढला’ म्हणणाऱ्याने आणि ‘पाच घेतल्यावर माझे गणित बिघडले’ म्हणणाऱ्यानेही आधी आपला ब्रोकर बदलला होता का ते पाहावे. नाचता येईना, अंगण वाकडे. पण अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा ते सॉफ्टवेअरचे नसते, ते पुढे सांगायच्या गोष्टीचे असते.

ती गोष्ट म्हणजे वही कोणाच्या हातात आहे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची किमान पातळी अचानक सोडली. फ्रँक मिनिटांत उसळला, मध्ये कोणी भावच देत नव्हते, आणि स्टॉप-लॉस ठरवलेल्या भावापासून कितीतरी दूर बंद झाले. ग्राहकांची खाती शून्याखाली गेली. अल्पारी या ब्रोकरची ब्रिटिश कंपनी दिवाळखोरीत गेली. एफएक्ससीएम या ब्रोकरला ग्राहकांच्या सुमारे २२.५ कोटी डॉलरच्या उणे शिलकीचा फटका बसून तातडीचे कर्ज घ्यावे लागले. त्या दिवशी कोणाच्या पडद्यावर चार होते आणि कोणाच्या पाच, याने काही फरक पडला नाही. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, अमेरिकेच्या नियामकांनी त्याच एफएक्ससीएमला सत्तर लाख डॉलर दंड करून किरकोळ चलनव्यवसायातून बाहेर काढले. कारण, आपण ग्राहकाच्या विरुद्ध बाजूला उभे राहत नाही असे सांगणाऱ्या या कंपनीचे ग्राहकांचे सौदे घेणाऱ्या प्रमुख संस्थेशी आर्थिक हितसंबंध होते आणि ते तिने दडवले होते. युरोपच्या नियामक संस्थेने २०१८ साली लिव्हरेजवर, म्हणजे भरलेल्या रकमेच्या किती पट सौदा करता येतो त्यावर, ३० पटींची मर्यादा घातली तेव्हा जे कारण दिले तेही सांगण्यासारखे आहे: वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात आढळली होती. हा आकडा सॉफ्टवेअर बदलून हलणारा नाही.

आणि चार की पाच ही निवड म्हणजे एकाच दुकानातल्या दोन फडताळांमधली निवड आहे, हेही विसरू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲपलने आपल्या ॲप स्टोअरवरून मेटाट्रेडर काढले तेव्हा दोन्ही आवृत्त्या एकदमच गेल्या आणि मार्च २०२३ मध्ये एकदमच परत आल्या. ज्यांच्या आयफोनवर ते आधीपासून होते त्यांचे चालू राहिले. नवा फोन घेणाऱ्याची पंचाईत झाली. स्वतंत्र पर्याय आहेत. सीट्रेडरमध्ये सी-शार्प भाषेत लिहिता येते, आणि ट्रेडिंगव्ह्यूच्या आलेखांवरूनच सौदे करू देणारे ब्रोकर वाढत आहेत. एकाच कंपनीवर विसंबणे नको असेल त्याने या बाजूलाही पाहावे.

आता महाराष्ट्रात बसून हा लेख वाचणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. वर जे चार-पाचाचे वर्णन केले ते बहुतांशी परदेशी ब्रोकरांच्या खात्यांचे आहे, आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीला अशी खाती कायद्याने खुली नाहीत. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ आणि रिझर्व्ह बँकेचे नियम यांनुसार चलनाचे सौदे अधिकृत बँकांशी, परवानगी असलेल्या हेतूंसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक व्यवहार रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचांवर किंवा एनएसई, बीएसई आणि एमएसईआय या एक्सचेंजांवरच व्हायला हवेत. उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात हे खरे, पण मार्जिनवरच्या सौद्यांसाठी ते पाठवता येत नाहीत. नियम मोडल्यास रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. एक्सचेंजवरच्या चलनवायद्यांतही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की सौद्यामागे खरी चलनजोखीम असायला हवी. दहा कोटी डॉलरपर्यंत पुरावा मागितला जाणार नाही, पण जोखीम असावी लागेल. मे २०२४ पासून हे लागू झाले आणि निव्वळ सट्ट्यासाठी येणाऱ्यांचा तोही रस्ता बंद झाला. हे धोरण बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. ते अस्तित्वात आहे यावर नाही.

‘सगळेच तर करतात’ हा युक्तिवाद या ठिकाणी ऐकू येतो. आयपीएलमधल्या संघाच्या प्रायोजकांत नाव झळकले म्हणजे ब्रोकर वैध, असाही समज होता. दिल्ली कॅपिटल्सचा प्रायोजक राहिलेल्या ऑक्टाएफएक्सचे नाव रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या ३४ नावांच्या पहिल्या सावधगिरीच्या यादीत होते, आणि सक्तवसुली संचालनालयाने त्याच्या व्यवहारांचा तपास सुरू केला तो पुण्यातल्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या फिर्यादीवरून. परदेशी ब्रोकरने पैसे दिले नाहीत तर इथल्या माणसाला दाद मागायला जागा नसते, कारण दाद मागताना आधी स्वतःचाच नियमभंग कबूल करावा लागतो. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट वेगळी. त्याला तिथले नियम लागू. ब्रिटनमध्ये मुख्य जोड्यांवर ३० पट लिव्हरेज, अमेरिकेत ५० पट आणि हेजिंगला मनाई. त्याने तिथल्या नियामकाकडे नोंद असलेला ब्रोकर आधी निवडावा. तो जे सॉफ्टवेअर देतो ते त्यानंतर पाहावे.

अशा कायदेशीर खातेधारकाला माझा सल्ला सरळ आहे. नव्याने सुरुवात करत असाल तर पाच घ्या, नेटिंगचे खाते उघडा आणि परीक्षा खऱ्या टिकांवरच घ्या. स्वतः लिहिलेला, तावूनसुलाखून निघालेला प्रोग्रॅम चारावर चालत असेल तर तो चालू द्या. पण नव्या परवान्यांची विक्री थांबलेल्या सॉफ्टवेअरवर आपण आहोत हे ओळखून, ब्रोकर तो सर्व्हर बंद करण्याआधी स्थलांतराची तयारी ठेवा. आणि भारतात राहत असाल, तर कोणतेही ॲप उतरवण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची सावधगिरीची यादी आणि अधिकृत मंचांची यादी या दोन्ही उघडा. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून ब्रोकर अधिकृत ठरत नाही, असे रिझर्व्ह बँकेने स्वतःच नमूद केलेले आहे. दुसऱ्या यादीत नाव नसेल तर खाते उघडू नका, मग त्याच्याकडे चार असो की पाच.